‘कितवी स्टेज?’च्या पुढचा प्रश्न: स्तनाच्या कॅन्सरचा ‘इम्युनो’ रिपोर्ट आणि जीनच्या टेस्ट

परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात, नाहीतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, स्तनाच्या कॅन्सरच्या दोन पेशंटचे नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘कितवी स्टेज?’ दुसरी म्हटलं की जरा बरं वाटतं, तिसरी म्हटलं की दोघंही गप्प होतात. त्याच फायलीत आणखी एक कागद असतो. त्यावर ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७ अशी अक्षरं, पुढे टक्के आणि अधिकची चिन्हं. तो डॉक्टरांपुढे ठेवला जातो आणि परत फायलीत जातो. त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.

मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे असे कागद जिथे तयार होतात तिथे. तेव्हा मी त्यांची बाजू घेणार हे उघड आहे. तरीही सांगते, उपचार ठरवताना तो कागद स्टेजच्या तोडीचा असतो आणि बऱ्याचदा तिच्यापेक्षा जास्त बोलतो. गाठ केवढी आहे, काखेतल्या गाठींपर्यंत पोचली का, आणखी कुठे पसरली का, एवढं स्टेज सांगते. ती कशाच्या जोरावर वाढते आणि कुठलं औषध तिला लागू पडेल, हे तिच्यात नसतं. स्टेजचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी समितीनेही हे मान्य केलं. २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), ईआर, पीआर आणि हर-टू धरून वेगळी ‘प्रॉग्नॉस्टिक स्टेज’ काढायची सोय आहे. त्यामुळे एकाच आकाराच्या दोन गाठींची स्टेज आता वेगवेगळी निघू शकते.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर नव्याने होतो, आणि मुंबईतल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. एवढ्या घरांत तो कागद पोचतो, तर तो वाचता आलेला बरा.

बायोमार्कर म्हणजे गाठीच्या पेशींत सापडणारी, मोजता येण्याजोगी खूण. काही खुणा पुढे काय होईल याचा अंदाज देतात, काही कुठलं औषध चालेल ते सांगतात. ईआर दोन्ही करतो, म्हणून तो यादीत पहिला.

त्याची गोष्ट जुनी आहे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने लिहिलं की स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईच्या बीजकोशांचं ऑपरेशन करून ते काढून टाकले, तर गाठी ओसरल्या. का ओसरल्या हे तेव्हा सांगता येत नव्हतं, कारण इस्ट्रोजेन हे हार्मोनच सापडायचं होतं. शिकागोच्या एलवूड जेन्सनने किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून दाखवलं की काही पेशी ते हार्मोन धरून ठेवतात. धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, आपल्या रिपोर्टमधला ईआर. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की तो पेशीच्या केंद्रकात डीएनएवर जाऊन बसतो आणि वाढीचे जीन चालू करतो. त्याने चालू केलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे पीआर, प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर. म्हणून पीआरही तपासतात. तो भरपूर दिसला तर ईआर नुसता हजर नाही, कामही करतोय असं समजायचं.

ईआर पॉझिटिव्ह आला की हार्मोनच्या गोळ्यांचा रस्ता मोकळा होतो. टॅमॉक्सिफेन रिसेप्टरची जागा अडवून बसते. पाळी गेलेल्या बाईला बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात, त्यांनी शरीरात इस्ट्रोजेन तयार होणंच कमी होतं. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली तर ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो बायकांच्या एकत्रित आकडेवारीतून सिद्ध झालंय. आणि गोळी स्वस्त आहे. आपल्याकडे अडचण वेगळीच. सलाइनमधून चढतं ते खरं औषध, गोळी काय, विसरली तरी चालते, असा एक समज घराघरांत असतो. केस परत येतात, बाई कामावर जायला लागते, अंग गरम होणं आणि सांधे दुखणं नकोसं होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गोळी बंद पडते. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो. गोळीचा पहारा त्याच काळासाठी असतो. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात, आपली आपण बंद करू नये.

आता हा ईआर बघतात कसा? मुंबईत पेशंट आणि नातेवाईक या तपासाला सरसकट ‘इम्युनो’ म्हणतात. पूर्ण नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात. तो झाला ब्लॉक, काडेपेटीपेक्षाही लहान. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. मग ईआरलाच चिकटेल अशी अँटिबॉडी सोडायची, आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटेल अशी रसायनं. बाकीच्या पेशी निळ्या रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली ईआर पॉझिटिव्ह गाठ म्हणजे निळ्या पार्श्वभूमीवर तपकिरी ठिपक्यांची गर्दी, कारण हा रिसेप्टर केंद्रकात असतो. हर-टू, म्हणजे वाढीचा हुकूम घेणारं दुसरं प्रथिन, मात्र पेशीच्या आवरणावर असतो. तिथे ठिपके दिसत नाहीत, प्रत्येक पेशीभोवती कुंपण घातल्यासारखी तपकिरी रेघ दिसते.

शंभरातल्या एका पेशीचं केंद्रक जरी तपकिरी झालं तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं लिहितात, कारण अशा गाठी गोळीला कितपत दाद देतील याची खात्री कमी असते. काही रिपोर्टमध्ये टक्क्यांऐवजी ‘ऑलरेड ७/८’ असा आकडा असतो. त्यात किती पेशी रंगल्या आणि किती गडद रंगल्या, या दोन्हींचे गुण एकत्र करतात.

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त बिघाड याच टप्प्यावर होतो आणि त्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. गाठ शरीराबाहेर आली की तिची प्रथिनं आणि आरएनए नासायला लागतात. तासाभराच्या आत ती फॉर्मेलिनमध्ये जायला हवी, फॉर्मेलिन दहा टक्क्यांचं आणि बफर केलेलं हवं, आणि त्यात ती कमीत कमी सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास राहायला हवी. फॉर्मेलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. अख्खा स्तन न कापता तसाच बुडवला तर मधली गाठ तासन्‌तास कोरडीच राहते. मोठ्या हॉस्पिटलांत हे सगळं शिस्तीत होतं. छोट्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं की प्लास्टिकची बरणी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात देतात आणि लॅबचा पत्ता सांगतात. अरुंद तोंडाच्या बरणीत दाबून कोंबलेली गाठ, वर दोन बोटं फॉर्मेलिन, बाहेर ‘राइट ब्रेस्ट’ एवढंच लिहिलेलं आणि वेळेचा पत्ता नाही, अशी बरणी शनिवारी संध्याकाळी आमच्या काउंटरवर येते. आणणारा बिचारा लोकलच्या गर्दीत ती छातीशी धरून आलेला असतो, त्याला काय बोलणार. त्या गाठीचा ईआर निगेटिव्ह आला तर तो खरंच निगेटिव्ह, की नासल्यामुळे तसा दिसतोय?

याला एक साधी पडताळणी असते. गाठीच्या कडेला स्तनाच्या निरोगी नळ्या असतात आणि त्यांच्यातल्या काही पेशींत ईआर असतोच. त्याच काचेवर त्या नळ्या तपकिरी झाल्या आणि गाठ झाली नाही, तर निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा. नळ्याही रंगल्या नाहीत तर तपास पुन्हा करायचा. चांगल्या रिपोर्टमध्ये ‘इंटर्नल कंट्रोल पॉझिटिव्ह’ अशी ओळ असते, ती शोधा. इम्युनो शक्यतो ऑपरेशनच्या आधी घेतलेल्या ट्रूकट बायोप्सीवर, म्हणजे जाड पोकळ सुईने काढलेल्या तुकड्यावर करतात, त्याचं एक कारण हेही आहे. सुतळीएवढा तुकडा फॉर्मेलिनमध्ये लगेच आणि आतपर्यंत मुरतो. नुसती बारीक सुई घालून पाणी काढलं, म्हणजे एफएनएसी केली, तर हे सगळं नीट होत नाही.

हर-टूचा हिशोब वेगळा. शून्य आणि एक अधिक म्हणजे निगेटिव्ह, तीन अधिक म्हणजे पॉझिटिव्ह, आणि दोन अधिक आला की फिश. मासे नव्हेत, ही डीएनए मोजायची तपासणी. हर-टूचा जीन सतराव्या गुणसूत्रावर असतो आणि निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. काही गाठींत त्या दहा-वीस होतात आणि पेशीच्या आवरणावर वाढीचा हुकूम घेणाऱ्या प्रथिनाची दाटी होते. फिशमध्ये अंधारात चमकणारे ठिपके मोजतात, बहुतेक लॅबमध्ये हर-टू लाल आणि गुणसूत्राचा मध्य हिरवा. लाल ठिपके हिरव्यांच्या दुप्पट किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी चार किंवा जास्त असले की पॉझिटिव्ह. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्के हर-टू पॉझिटिव्ह असतात. एकेकाळी हा सगळ्यात खोडसाळ प्रकारांपैकी एक होता. १९९८ मध्ये अमेरिकेत हर-टूवरच नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. पुढे भारतीय कंपन्यांनी त्याच्यासारखी बायोसिमिलर औषधं आणली, त्यामुळे किंमत बरीच उतरली. हे औषध काही जणींच्या हृदयावर परिणाम करतं, म्हणून मधून मधून टू-डी एको करायला पाठवतात. कॅन्सरचा पेशंट हृदयाच्या विभागात का, असं वाटायला नको. २०२२ पासून आणखी एक फाटा फुटलाय. एक अधिक, किंवा दोन अधिक पण फिश निगेटिव्ह, अशा गाठींना ‘हर-टू लो’ म्हणतात आणि आजार पसरलेला असेल तर त्यांनाही ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान या औषधाचा उपयोग होतो. जुन्या फायलीत ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं वाक्य डॉक्टर आता परत का वाचतात, ते यामुळे.

तिन्ही निगेटिव्ह आले तर ट्रिपल निगेटिव्ह. भारतात याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे आणि तरुण बायकांत तो जास्त दिसतो. हार्मोनची गोळी आणि ट्रास्टुझुमॅब दोन्ही इथे निरुपयोगी, भिस्त किमोवर, आणि परवडत असेल तर इम्युनोथेरपीवर, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांवर (‘इम्युनो’ तपास वेगळा). टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत नेहमीच्या किमोला कार्बोप्लॅटिन जोडल्यावर पन्नाशीच्या आतल्या बायकांचं जगण्याचं प्रमाण सुधारलं. कार्बोप्लॅटिन जुनं, जेनेरिक औषध आहे. परळमधून निघालेल्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं हेच.

केआय-६७ बद्दल थोडक्यात. किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत, ते तो सांगतो. पाच टक्के आणि साठ टक्के यांतला फरक खरा. अठरा आणि बावीस यांच्यातला फरक दोन लॅबमध्ये, कधी कधी दोन डोळ्यांमध्येही पडतो. त्यावर रात्र जागवू नये.

आता जीनच्या टेस्ट. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तेच सुमारे २० हजार जीन असतात. डोळ्यात तेच, स्तनाच्या नळीत तेच. फरक पडतो तो कुठले जीन चालू आहेत आणि किती जोरात, यामुळे. रेल्वेचं छापील वेळापत्रक सगळ्यांकडे एकच असतं, पण आज विरार फास्ट किती सुटल्या हे प्लॅटफॉर्मवर उभं राहून मोजावं लागतं. डीएनए म्हणजे ते वेळापत्रक आणि सुटलेल्या गाड्या म्हणजे एमआरएनए, जीनवरून पेशीने काढलेल्या कामाच्या नकला. कुठल्या जीनच्या नकला किती निघाल्या, याला जीन एक्स्प्रेशन म्हणतात. इम्युनोत एकेक प्रथिन बघतो, इथे एका दमात अनेक जीनच्या नकला मोजतात.

२००० साली स्टॅनफर्ड आणि नॉर्वेच्या संशोधकांनी ४२ बायकांचे ६५ नमुने घेऊन आठ हजारांहून जास्त जीन एकाच वेळी मोजले. गाठींचे आपोआप गट पडले. ईआरच्या जोरावर चालणाऱ्या ल्युमिनल गाठी एकीकडे, हर-टूवाल्या दुसरीकडे, आणि तिसरीकडे ‘बेसल’ गाठी, ज्यांतल्या बहुतेक आपल्याकडच्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये येतात. ल्युमिनलचे सावकाश वाढणारा ए आणि चपळ बी हे भाग पुढच्या वर्षी स्पष्ट झाले. त्यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. काही बायकांच्या गाठीचा नमुना किमोच्या आधी आणि नंतर असा दोनदा घेतला होता, मध्ये चार महिन्यांच्या आसपासचं औषध. तरी बहुतेक जोड्यांत आधीचा आणि नंतरचा नमुना एकमेकांशीच सर्वांत जास्त जुळला, दुसऱ्या कुठल्याही बाईच्या गाठीशी तितका जुळला नाही. किमोचे एवढे घाव बसूनही गाठीचा स्वभाव ओळखू येत होता. आपल्या रिपोर्टमध्ये ‘ल्युमिनल ए’ असं लिहिलेलं असतं ते बहुधा इम्युनोवरून बांधलेला अंदाज असतो, प्रत्यक्ष जीन मोजून काढलेलं नसतं.

यातूनच बाजारातल्या टेस्ट निघाल्या. मॅमाप्रिंट ७० जीन मोजते, प्रोसिग्ना ५०, आणि सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ती ऑन्कोटाइप डीएक्स २१. तिच्यातले १६ कॅन्सरशी संबंधित, उरलेले पाच मोजमाप सरळ ठेवण्यासाठी. उत्तर शून्य ते शंभर या आकड्यात येतं. ही टेस्ट एकाच प्रश्नासाठी आहे: ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लवकर सापडलेली गाठ, काखेत काही नाही किंवा फार तर तीन गाठी, आता गोळीच्या जोडीला किमो द्यायची की नाही? २०१८ मध्ये टेलरएक्स या दहा हजारांवर बायकांच्या चाचणीचं उत्तर आलं. काखेत काही नसलेल्या बायकांत ११ ते २५ स्कोअर असेल तर बहुतेकींना किमोचा जास्तीचा फायदा नव्हता, गोळी पुरेशी होती. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ स्कोअर असलेल्या बायकांना मात्र थोडा फायदा दिसला. काखेत एक ते तीन गाठी असलेल्यांच्या पुढच्या चाचणीतही पाळी गेलेल्या बायकांत किमो टाळता आली, पाळी चालू असलेल्यांत ती उपयोगी पडली. यातला काही फायदा किमोमुळे बीजकोश बंद पडल्याचा असावा, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. म्हणजे फिरून बीटसनच.

आपल्याकडे हा कॅन्सर तुलनेने लहान वयात होतो, तेव्हा ही वयाची अट हलक्यात घेऊ नका. ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह गाठीत ही टेस्ट करायची नसते, तिथे किमोचा निर्णय वेगळ्या वाटेने होतो. ब्लॉक परदेशी जातो आणि खर्च लाखांत असतो. कुणी दागिने मोडून करायला निघालं तर मी आधी विचारायला सांगते: स्कोअर कमी आला तर तुम्ही खरंच किमो रद्द करणार आहात का, डॉक्टर? उत्तर ‘बघू’ असेल तर पैसे ठेवा. बंगळुरूच्या एका कंपनीची कॅनअसिस्ट ब्रेस्ट नावाची टेस्टही आहे. ती जीन मोजत नाही, पाच प्रथिनांचा इम्युनो करते आणि त्याला गाठीचा आकार, ग्रेड, काखेची स्थिती जोडून कमी जोखीम की जास्त ते सांगते. खर्च बराच कमी, मात्र मागचा पुरावा ऑन्कोटाइपइतका मोठा नाही.

आणि एक गोंधळ, ज्यावरून घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत. ऑन्कोटाइपला लोक ‘जीन टेस्ट’ म्हणतात आणि बीआरसीएलाही. पहिली गाठीच्या तुकड्यावर होते आणि तिचा मुलीशी, बहिणीशी काही संबंध नाही. दुसरी रक्तावर किंवा लाळेवर होते आणि जन्मजात दोष शोधते. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ मध्ये दोष असेल तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. तो वडिलांच्या बाजूनेही येतो, त्यामुळे ‘आईच्या बाजूला कुणाला नाही’ हे उत्तर अपुरं आहे, वडिलांकडचे आजी-आजोबा, काका आणि आत्याही विचारात घ्यायला हवेत. कमी वयात झालेला कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह, किंवा घरात स्तनाचा नाहीतर बीजकोशाचा कॅन्सर असेल तर ही टेस्ट सुचवतात. दोष सापडला तर ओलापारिबसारखं औषध उपयोगी पडू शकतं, म्हणजे ती नुसती नातेवाइकांसाठीही नसते.

सीए १५-३ या रक्ततपासणीवरून कॅन्सर पकडता येतो, असं पॅकेज विकणारे सांगतात. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बहुतेकदा नॉर्मलच असते. गाठ लागली की तुकडा काढण्याला पर्याय नाही.

कॅन्सर परत आला तर, शक्य असेल तिथे, नवा तुकडा काढून ईआर, पीआर, हर-टू पुन्हा बघतात, कारण ते बदललेले असू शकतात. तुलनेसाठी आणि नव्या टेस्टसाठी जुना ब्लॉक मागतात. ऑपरेशन एका ठिकाणी आणि पुढचे उपचार दुसरीकडे असतील तर सही करून ब्लॉक आणि स्लाइड्स लॅबमधून घ्या, नेल्याची नोंद ठेवा आणि काम झालं की परत मागा. एका रिकाम्या डब्यात, नाव आणि बायोप्सी नंबर लिहून, घरातल्या थंड कपाटात ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात तर मेण वितळतं.